बास ड्रमला पाडलेलं भोक

पाय गेल्याचं मला पहिल्यांदा कळलं ते चपलेमुळे. लक्ष्मी रस्त्यानं भर दुपारी चाललो होतो आणि मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो, चप्पल दान केलीत का?" खाली बघितलं तर उजवा पाय अनवाणी. चप्पल पन्नास पावलं मागे, साडीच्या दुकानाच्या पायरीपाशी पडलेली. रस्ता चांगला तापला होता, पण मला काही कळलं नव्हतं. मागे गेलो, चप्पल घातली, "आभारी आहे" म्हटलं. "माझे कसले आभार? चपलेचे माना. थांबली ती," ते म्हणाले. पुण्यात हरवलेली वस्तू परत मिळते, पण टोमण्यासकट.

मी ड्रमर. जुन्या गाण्यांच्या एका संचात सव्वीस वर्षं ड्रम वाजवतोय, आणि आठवड्यातले चार दिवस शनिवार पेठेत एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत क्लास घेतो. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की स्टेजवर ड्रमरच्या पुढ्यात जो सगळ्यात मोठा, आडवा ठेवलेला ढोल दिसतो, तो बास ड्रम. तो हातानं वाजवत नाहीत, उजव्या पायानं वाजवतात. पायाखाली पेडल असतं. ते दाबलं की एक गोळा पुढे जाऊन ड्रमच्या पानावर आदळतो. पान म्हणजे ड्रमवर ताणलेलं कातडं. आता ते प्लास्टिकचं असतं, पण आम्ही पानच म्हणतो. पायाच्या त्या ठोक्याला किक म्हणतात. अख्खं गाणं तिच्यावर उभं असतं. हात चुकला तर चार जाणकार मान वळवतात. किक चुकली की समोर ठेका धरून बसलेली बाई मांडीवर थापटायची थांबते, आणि आपण का थांबलो ते तिला कळतही नाही.

माझा पाय तुटलाबिटला नव्हता. हलत होता, चालत होता. फक्त त्याच्याकडून काही खबरबात येणं बंद झालं होतं. साखर अकरा वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत, चहा बिनसाखरेचा पितो आणि लग्नात जिलबी खातो. तर ती साखर पायात उतरली. आधी बोटं गेली, मग तळवा.

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला चपलेचा किस्सा सांगितला तो विनोद म्हणून. ती हसली नाही. संचात तर अवाक्षर काढलं नाही. ड्रमरचा पाय गेला हे एकदा कळलं की पुढच्या कार्यक्रमाला स्टुलावर दुसरा कुणीतरी बसतो आणि आपल्याला पहिल्या रांगेत बसवून नारळ-शाल देतात. मला ते नको होतं. त्याचं कारण मोठं नाही. त्या दोन-तीन वर्षांत मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, थोरला भाऊ गेला, दोन्ही वेळा मी सगळं रीतसर केलं. लोकांना पाणी दिलं, रिक्षा आणल्या, आणि आत ढिम्म काही हललं नाही. स्टुलावर बसलो की मात्र दोन-अडीच तास वाटायचं, की आपण आहोत. तेवढंच शिल्लक होतं आणि तेवढं मला राखायचं होतं.

मग किकची तक्रार सुरू झाली. संच ज्या चालवतात त्या बाई स्वतः गातात, त्यांना आम्ही ताई म्हणतो. एका कार्यक्रमानंतर त्या मला म्हणाल्या, "अहो, तुमची किक आज उपाशी आहे का?" पुढच्या वेळी म्हणाल्या, "आज एकादशी वाटतं किकची." मी म्हटलं, "ताई, माइकचा प्रॉब्लेम आहे." आणि ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या बास ड्रमचं पुढचं, म्हणजे प्रेक्षकांकडचं, पान अखंड होतं. इतकी वर्षं त्याच्यासमोर, बाहेर, माइक उभा करायचे. बंद दाराबाहेर उभं राहून आतलं भांडण ऐकावं, तसा आवाज यायचा. गुंजन यायचं, धार यायची नाही. इतर सगळ्या ड्रमरांनी पुढच्या पानाला केव्हाच भोक पाडून माइक आत सारला होता. मीच नव्हतो पाडत. शाबूत पानाला कोयता लावायचा म्हणजे माझ्या अंगावर काटा यायचा.

आता म्हटलं, पाडून टाकू. माझा हिशोब सरळ होता. माइक आत गेला की हलका ठोकासुद्धा मोठा येतो. पायात जोर आहे की नाही, हे बाहेर कुणाला कळणार नाही.

मदतीला मित्र आला. हा आमचा ऑक्टापॅडवाला. ऑक्टापॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची एक इलेक्ट्रॉनिक पाटी. चौकोनावर काडी मारली की ढोलकी, डफ, घुंगरू, म्हणाल तो आवाज निघतो. बावीस वर्षं हा माझ्या डाव्या हाताला, दीड हातावर बसतो. जाडजूड, घामट, तोंडाचा पट्टा सतत चालू. मला मालक म्हणतो.

भोक मध्यभागी पाडायचं नसतं. मध्ये पाडलं की सगळी हवा भसकन बाहेर जाते आणि ड्रम फुसका होतो. खाली उजवीकडे, कडेपासून चार बोटं आत, आणि पाच इंचांपेक्षा मोठं नाही. ब्लेडनं कापलं तर कडेला चीर जाते आणि कार्यक्रमात पान उभं फाटतं. म्हणून गरम पत्र्यानं जाळून पाडायचं. आम्ही रसगुल्ल्याचा रिकामा डबा घेतला. पक्कडीत धरून गॅसवर तापवला.

"हे काय चाललंय माझ्या ओट्यावर?" बायको आली.

"भोक पाडतोय."

"ते दिसतंय. डोक्याला पाडा म्हणजे काहीतरी आत जाईल," ती म्हणाली आणि खिडकी उघडली.

डबा पानावर टेकवला. चर्रर्र झालं, प्लास्टिक जळल्याचा घाण वास सुटला आणि एक गोल चकती अलगद आत पडली. मित्र म्हणाला, "मालक, सुंता झाली." मी त्याला शिवी दिली. कड गुळगुळीत आली होती. तिच्यावर प्लास्टिकची एक रिंग चिकटवली, म्हणजे माइक आत-बाहेर करताना कड फाटायला नको. आत एक जुनी उशी ठेवली, दोन्ही पानांना जेमतेम टेकेल अशी. नाहीतर ठोका मारल्यावर ड्रम उगाच बडबडत राहतो.

मग माइकची जागा. क्लासमधून आणलेले दोन स्पीकर जोडले. माइक जितका आत, गोळा आदळतो त्या जागेजवळ, तितकं 'टक' जास्त येतं. जितका भोकाशी, तितकं 'धम्म' जास्त. दोन्ही हवं असतं. मला समोरून ऐकायचं होतं म्हणून पेडलवर मित्र बसला. तो मारत राहिला, मी माइक दोन बोटं आत सारायचो, एक बोट बाहेर काढायचो. एका जागी ठोका असा आला, की मी जमिनीवर पालथा पडून होतो तिथे माझ्या बरगड्यांना कळला. पायाला कळत नव्हतं, बरगड्यांना कळलं. मला एकदम बरं वाटलं. कित्येक महिन्यांत असं बरं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कोथरूडला कार्यक्रम होता. साउंड चेकला मी बसलो, किक देत राहिलो. मित्र खाली आवाजाच्या मिक्सरवर, आमच्या नेहमीच्या साउंडवाल्याशेजारी जाऊन उभा राहिला. दोघं डोकी जुळवून बराच वेळ काहीतरी कुजबुजत होते.

"कसा येतोय रे?" मी वरून विचारलं.

मित्रानं अंगठा वर केला. "लाजवाब!"

संध्याकाळी कार्यक्रम झाला आणि खरंच लाजवाब झाला. माझ्या बाजूच्या मॉनिटरमधून, म्हणजे ड्रमरला आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमधून, किक अशी येत होती की काय सांगू. ठाम, गोल, एकेक ठोका जागच्या जागी. ताई म्हणाल्या, "आज जेवली हो!" त्यानंतर नऊ महिने किक अशीच येत राहिली. मी पाय टाकायचो, मॉनिटरमधून धम्म यायचं, मला वाटायचं, चला, जमलं. तळव्याची मग फिकीर राहिली नाही. पायात जोर आहे की नाही हे मी कानानं तपासत होतो, आणि कान म्हणत होता, आहे.

नवव्या महिन्यात खराडीला एक छोटा कार्यक्रम आला. तिथल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, ज्येष्ठ नागरिकांसाठी, रविवारी सकाळी अकराला. हे ज्येष्ठ म्हणजे बहुतेक नागपूर-अमरावतीकडून आलेले. मुलं आसपासच्या कंपन्यांत, आणि आईवडील आठव्या-दहाव्या मजल्यावर. आमचे पाचच जण जायचे होते. मित्राचं दोन दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे ऑक्टापॅड नव्हता. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"मालक, उद्या तू पण सुट्टी घे."

"का?"

"अरे, सकाळी अकराला कसला कार्यक्रम! म्हातारे पेंगणार. ढोलकीवाल्याला पाठव, तो भागवेल."

"तुझा डोळा कापलाय की मेंदू?" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

नेहमीचा साउंडवालाही दुसरीकडे अडकला होता. त्याच्या जागी तिशीतली एक मुलगी आली, खराडीतल्या कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम करणारी. स्वतःचा मिक्सर, स्वतःच्या वायरी, सगळ्यावर रंगीत पट्ट्या लावलेल्या. कामाला पक्की होती. भोकातून माइक आत सारताना तिनं टॉर्च मारून उशी बघितली आणि म्हणाली, "छान केलंय काका. एज क्लीन आहे एकदम." मला बरं वाटलं.

मग ती मिक्सरवर गेली आणि साउंड चेक सुरू झाला.

"काका, किक द्या."

मी द्यायला लागलो. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.

"काका, किक द्या ना."

"अहो, देतोय!"

"एक मिनिट." तिनं काहीतरी फिरवलं. मॉनिटरमधून आवाज यायला लागला. बारीक, अडखळता. धप्. धप्. मग काही नाही. मग धप्. "काका, तुम्ही चार मारताय ना?"

"चारच मारतोय."

"तीन येतायत. कधी दोन."

मी खाली बघितलं. टाच पेडलवरून घसरून एका बाजूला आली होती आणि पाय अर्धा पेडलवर, अर्धा जमिनीवर नाचत होता. मला वाटत होतं तो नीट मध्यावर आहे. मी तो हातानं उचलून जागेवर ठेवला आणि आता त्याच्याकडे बघत मारायला लागलो. चार आले. नजर काढली, पुन्हा तीन.

"बहुतेक वायर," मी म्हणालो.

ती वर आली, वायर बदलली, माइक बदलला. बिचारी मनापासून शोधत होती. मग म्हणाली, "थांबा, तुमच्या नेहमीच्या सरांनी मला लिस्ट पाठवलीय. कुठल्या चॅनेलला काय येतं, त्याची. त्यात बघते नेहमी काय करतात." तिनं मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच मोठ्यांदा वाचलं, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसलं नाही. "एक नंबर, किक माइक. पुढे लिहिलंय, लावायचा, पण बंद ठेवायचा. दोन नंबर, किक, ऑक्टापॅडकडून." तिनं माझ्या डावीकडे बघितलं. तिथे रिकामी जागा होती. "ऑक्टापॅड आज नाहीये का?"

"नाही," मी म्हणालो.

कळायला फार वेळ लागला नाही. ऑक्टापॅडला एक वेगळं पेडल जोडता येतं. पायानं दाबायचं, की किकचा आवाज निघतो. नऊ महिने मी जी किक ऐकत होतो ती माझी नव्हती. माझ्या दीड हातावर बसून तो ती वाजवत होता, स्वतःच्या पायानं, आणि मी शेजारी पाय हलवत होतो.

मला घाम फुटेल, चक्कर येईल, असं काहीतरी होईल म्हणून मी वाट बघितली. काही झालं नाही. हॉलमध्ये कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. मी ड्रमच्या काड्या पुसल्या.

"काका, मी लॅपटॉपवरून किक देऊ का?" ती हळू आवाजात म्हणाली. तिलाही आता कळलं होतं. "रेकॉर्ड केलेला लूप आहे माझ्याकडे. कुणाला कळणार नाही."

"नको. एक नंबर बंद ठेवा."

"मग किक कुठून...?"

"नाही द्यायची. बंद म्हणजे बंद."

आणि तसाच कार्यक्रम केला. दीड तास, सतरा गाणी, नुसत्या हातांवर. पाय मी पेडलवरच ठेवला होता, सवयीनं. तो हलत होता की नाही, मला माहीत नाही. मॉनिटरमध्ये किक नव्हती, त्यामुळे मधे एक खड्डा पडल्यासारखं झालं होतं आणि मी सतरा गाणी त्या खड्ड्याच्या काठाकाठानं चालत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. संपल्यावर वऱ्हाडातले एक आजोबा काठी टेकत स्टेजपाशी आले. "लय मस्त वाजवलं जी तुम्ही," ते म्हणाले. "तो मोठा ढोल तर असा वाजत होता, छातीत बसत होता ना जी!"

मी हात जोडले. दुसरं काय करणार? कपाळ माझं.

तिथून थेट वारज्याला मित्राच्या घरी गेलो. तो काळा चष्मा लावून सोफ्यावर बसला होता, गुंडासारखा. वहिनी त्याच्या डोळ्यात थेंब घालून आत गेल्या.

"कसा झाला?" त्यानं विचारलं.

"छान झाला. किक नव्हती."

त्यानं सोफ्यावरची उशी उचलून मांडीवर घेतली. आतून मिक्सरचा आवाज येत होता, वहिनी चटणी वाटत होत्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कोथरूडपासून. भोक पाडलंस ना, त्या पहिल्याच साउंड चेकला कळलं. माइक बाहेर होता तोवर सगळं आपलं गुळमुळीत यायचं, अंदाज येत नव्हता. आत गेला आणि सगळं उघडं पडलं. चारातला तिसरा यायचाच नाही." त्यानं चष्मा सारखा केला. "तू वरून विचारलंस, कसा येतोय. तुझं तोंड बघवेना. हसत होतास रे. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं तुला. मी म्हटलं, लाजवाब. आणि मग धावत जाऊन एकाकडून पेडल उसनं आणलं."

"पेडल मला कधी दिसलं नाही."

"ऑक्टापॅडच्या स्टँडला संचाच्या नावाचं कापड लावलं होतं ना. त्याच्या मागे."

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगणारच होतो. दर वेळी म्हणायचो, पुढच्या कार्यक्रमानंतर सांगू." मग त्याला राहवेना. इतक्या दिवसांचा तोंडाचा पट्टा तुंबला होता. "आणि साताऱ्याला आठवतंय? एका गाण्यात अंतऱ्यानंतर किक चुकली. मी चुकलो होतो ती. माझं लक्ष समोसे आले तिकडे गेलं होतं. आणि तू माझ्याकडे वळून म्हणालास, सॉरी रे! मी म्हटलं, चालतंय मालक, होतं असं."

मला ते आठवत होतं. त्या दिवशी घरी परतताना मी त्या एका ठोक्यासाठी गाडीत स्वतःला लाखोली वाहिली होती.

मला राग यायला हवा होता. मी तो शोधलासुद्धा. मित्र समोर काळा चष्मा लावून बसलेला, डोळ्यातून औषध की पाणी गालावर येतंय, तो पुसतोय, आणि म्हणतोय, "अरे बोल ना काहीतरी, घाल ना शिव्या." मला एकही सुचली नाही. नऊ महिने माझ्या शेजारी बसून, दोन हातांनी स्वतःचं वाजवून, वर पायानं माझं वाजवणं, हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे. मी ड्रमर आहे. मला जमलं नसतं.

"पुढच्या रविवारी ते कापड काढ," मी उठताना म्हणालो.

"आणि तू?"

"मी हातानं वाजवीन. किक तू मार. लोकांना दिसू दे."

"ताई काय म्हणतील?"

"म्हणतील जे म्हणायचं ते. नाही ठेवलं तर नाही ठेवलं."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. जेवताना, आमटीभात कालवत, बातम्या सांगाव्यात तसं. तिनं ताट बाजूला सारलं. "उद्या डॉक्टर. आणि या वेळी मी आत येणारे."

मी वर्षापूर्वी एकदा गेलो होतो डॉक्टरांकडे, तिच्याच आग्रहानं. ती बाहेर बसली होती आणि मी येऊन सांगितलं होतं, पाय ठीक आहे म्हणाल्या. ते खरंच म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आत बसलो आणि मी त्यांना पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं. वर्षापूर्वीच्या त्या तपासणीत त्यांनी एक धातूचा चिमटा हातावर आपटून माझ्या अंगठ्याच्या हाडाला लावला होता. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. आपटला की तो बराच वेळ थरथरतो आणि बारीक गुणगुणतो. डोळे मिटा, म्हणाल्या, थरथर थांबली की सांगा. मला पायात काहीच कळत नव्हतं. पण खोलीत शांतता होती आणि त्याचा सूर ऐकू येत होता. मंद्र सप्तकातला, बारीकसा. माझा कान नको तितका तयार आहे. सूर विरला तसा मी म्हणालो, "थांबली." तीनदा केलं, तिन्ही वेळा बरोबर आलं. त्यांनी कागदावर नॉर्मल लिहिलं आणि मी गप्प बसलो.

डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तीस वर्षांत असा पेशंट नाही बघितला. परीक्षेत कॉपी करतात तशी तुम्ही स्वतःच्या पायाची कॉपी केलीत," त्या म्हणाल्या. बायको म्हणाली, "शाळेपासूनची सवय आहे." दोघी हसल्या नाहीत.

"आता दोन्ही कानांत बोटं घाला. घट्ट. डोळे मिटा. आणि थरथर सुरू झाली की मान हलवा."

मी पाय स्टुलावर ठेवला, कानांत बोटं घातली, डोळे मिटले. आत नुसती रक्ताची घूं घूं. मी सगळं लक्ष अंगठ्यावर नेलं. कधी नव्हे इतकं मनापासून. इतक्या वर्षांचा पाय आहे, एवढं तरी सांगेल, म्हटलं. थांबलो. अजून लावला नसेल, म्हटलं. त्या आपटत असतील. अजून थांबलो. मग कंटाळून, "लावा ना डॉक्टर," असं मी मोठ्यांदा म्हणालो आणि डोळे उघडले.

डॉक्टर टेबलाशी बसून लिहीत होत्या. तो चिमटा त्यांच्या पेनशेजारी आडवा पडला होता. आणि माझ्या पायाशी बायको वाकून बसली होती. तिनं माझा तळवा दोन्ही हातांत घट्ट धरला होता, अंगठ्यानं दाबत होती. कधीपासून, ते मला माहीत नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू फुटलं.